नांगरावरचा दिवस

कोचीहून निघालेले आमचे जहाज मिनिकॉयपाशी नांगरून उभे होते. लक्षद्वीपच्या या बेटाला प्रवाळांचा वेढा. म्हणून मोठे जहाज बाहेर थांबते आणि माणसे लहान होड्यांतून काठावर जातात. इतर प्रवासी गेले. मी बाबांबरोबर डेकवरच राहिलो. समोर १८८५ साली बांधलेले दीपगृह, हिरवेनिळे पाणी, हातात कादंबरी. याहून निवांतपणा तो कोणता?

पण बाबा स्वस्थ बसेनात. तीस वर्षे त्यांनी मालवाहू जहाजांच्या इंजिनघरात काढली; प्रवासी म्हणून ही पहिलीच खेप. नांगराची साखळी करकरली की ते उठत. चहा घेऊन आलेल्या पोराच्या हातून ट्रेही त्यांनीच घेतला.

"ह्या बेटावरची कितीतरी माणसं आमच्या बोटीवर होती," ते म्हणाले. मिनिकॉयचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्यांचे दर्यावर्दी. ज्यांच्या दारी आम्ही विसावलो होतो, ते कुठल्याशा परक्या समुद्रावर राबत असतील!

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. असे पाय पसरून वाचण्याचे सुख कोणाच्या घामाचे, ते त्या दिवशी डोळ्यांसमोरच बसले होते.

दुपारी बाबांना खुर्चीतच डुलकी लागली. मी बराच वेळ पान उलटले नाही. आवाज होईल म्हणून.