आबांचा अंगठा

आबांची जीप वडापला होती. पाटणहून चिपळूण आणि परत. जाताना उतार, गाडी निवांत. खरी परीक्षा परतीच्या वाटेवर, पोफळी सोडून कुंभार्ली घाटाला लागलं की.

रोज पहाटे आबा बॉनेट उघडून रेडिएटरचं पाणी बघायचे आणि फॅनबेल्ट मधोमध अंगठ्यानं दाबायचे. अर्धा इंच दबला की ठीक. जास्त दबला तर ताणून घ्यायचे. म्हणायचे, "सपाटीला वाराच विंजन गार करतो. घाटात गाडी बैलाच्या चालीनं चढती, तवा पंख्याबिगर कोण न्हाई तिला."

दहावीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात मी क्लीनर म्हणून सोबत होतो. एका पहाटे आबा म्हणाले, "बेल्ट बघितला का रं?" मी पाणी तेवढं बघितलं होतं. झोपेतच म्हणालो, "बघितला."

दुपारी भरल्या गाडीनं घाट चढताना काटा लालमध्ये गेला. बॉनेटमधून वाफ. आबांनी गाडी कडेला घेऊन बंद केली. बेल्ट तुटून खाली लोंबत होता. तो तुटला की पंखा थांबतो, पाण्याचा पंपही थांबतो. गाडीत एक लेकुरवाळी होती, पोर रडत होतं. माझ्या पोटात गोळा आला. काहीतरी करावं म्हणून मी फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण फिरवलं.

"हात काढ!" म्हणत आबांनी मला ढकललं. आत दाबाखाली कोंडलेलं उकळतं पाणी उसळलं ते त्यांच्या हातावर. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी लाल झाली. लोकांनी पिण्याचं पाणी हातावर ओतलं.

पाऊण तास आम्ही इंजिन निवायची वाट बघितली. तापल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतलं तर हेड चिरतं. सीटखाली जादा बेल्ट होता. आबा एका हातानं दाखवत होते, मी पाना फिरवत होतो. मग इंजिन चालू ठेवून थोडं थोडं पाणी भरलं.

आबा एक शब्द बोलले नाहीत. आईलाही "वाफ लागली" एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला उठवलं. हाताला फडकं गुंडाळलेलं. बॉनेट उघडून बाजूला उभे राहिले आणि म्हणाले, "अंगठा लाव."

मी लावला. अर्धा इंच.