शिवगामीच्या हातातली पोथी

शिवगामी मला पहिल्यांदा दिसली ती बुडताना. जुलै २०१५, साताऱ्यातलं थिएटर, शेजारी धाकटा भाऊ. पाठीत बाण, नदीला पूर, सगळं अंग पाण्याखाली गेलेलं आणि एक हात तेवढा वर. त्या हातात तान्हं बाळ. ही बाई कोण, कुठली, कुणाची लेक, काही सांगितलेलं नव्हतं. पुढे ती सिंहासनावर बसली, दोन बाळांना दोन्ही मांड्यांवर घेऊन राज्य चालवू लागली, तेव्हाही विचारावंसं वाटलं नाही. गावाबाहेरच्या देवीला कुणी माहेर विचारत नाही, तसं.

‘बाहुबली’ मला इतका आपला का वाटला, याचं उत्तर आमच्या माळ्यावर होतं. वडिलांनी बांधून घेतलेले चांदोबाचे अंक. सुट्टीत दुपारी आम्ही दोघं पालथं पडून ते वाचायचो. धबधबे, गुहा, राजमुकुट, खांद्यावर प्रेत घेऊन चाललेला विक्रम. चांदोबा मद्रासला निघायचा आणि तो काढणारे नागी रेड्डी नि चक्रपाणी हेच ‘पाताळ भैरवी’ आणि ‘मायाबजार’चे निर्माते, हे मला फार उशिरा कळलं. तेलुगू सिनेमातली अद्भुताची वाट आमच्या माळ्यावरून गेली होती तर!

म्हणून मार्च २०१७मध्ये आनंद नीलकंठन यांची ‘द राइज ऑफ शिवगामी’ आली, तेव्हा मी ती त्याच आठवड्यात घेतली. सिनेमाच्या आधीची कथा, तीन खंडांतला पहिला. रावणाच्या बाजूनं ‘असुर’ लिहिणारा लेखक, म्हणजे तो राजमातेला काहीतरी वेगळं देणार, अशी खात्री होती. दोन रात्रींत वाचून संपवली आणि मन खट्टू झालं.

पुस्तकातली शिवगामी ही एक पोरकी मुलगी आहे. तिच्या बापाला, देवरायाला, राजद्रोही ठरवून महाराजांनी मारलं. ती महिष्मतीचा सूड घ्यायला निघाली आहे. ज्या राज्यासाठी ती पुढे पोटच्या पोराला बाजूला सारणार, त्याचाच नाश करायची तिची शपथ. कल्पना म्हणून उत्तम. पण पानोपानी तिच्या रागाचं कारण सांगितलं जातं आणि दर कारणागणिक ती मला लहान होत गेलेली दिसते. पाण्यावरचा तो हात कारणाशिवाय मोठा होता. त्यात पात्रांची गर्दी, कटात कट, मौल्यवान दगडांची चोरी, त्यांच्यापासून घडणाऱ्या तलवारी. एक धागा हातात येतो न येतो तोच प्रकरण संपतं. भावाला फोन करून मी सांगितलं, ‘वाचू नकोस, तुझी शिवगामी जाईल.’

तरी ते पुस्तक मी कुणाला देऊन टाकलं नाही, ते कट्टप्पामुळे.

सिनेमात कट्टप्पा गुलाम आहे हे आपण ऐकतो आणि पुढे जातो. त्याच्या निष्ठेनं आपण इतके भारावतो की तिच्या पायातली बेडी दिसत नाही. पुस्तकात त्याला भाऊ आहे, शिवप्पा. त्याला हे गुलामपण नको आहे. बाप मलयप्पा मात्र मुलांना सांगतो की मालकाची सेवा हाच आपला धर्म. थोरला ते मानतो, धाकटा मानत नाही आणि त्या एका घरात दोन्ही मुलं बरोबर आहेत. हे भाग मी परत परत वाचले. ‘कट्टप्पानं बाहुबलीला का मारलं?’ असं सारा देश दोन वर्षं विचारत होता. एखाद्या माणसावर असा हुकूम बजावता येतोच कसा, हे मीही विचारलं नव्हतं. २८ एप्रिल २०१७ला दुसरा भाग लागला. शिवगामीनं तो हुकूम सोडला तेव्हा थिएटर हळहळलं. मला शिवप्पा आठवला आणि शिवगामीचा पहिल्यांदा राग आला.

आणि ती पोथी. शिवगामीला बापाची एक पोथी सापडते, पण ती तिला वाचता येत नाही, कारण ती पैशाची भाषेत आहे. हे वाचून मी पुस्तक मिटलं. पैशाची म्हटलं की आपल्याला गुणाढ्य आठवणारच. कथेप्रमाणे आपल्या पैठणच्या सातवाहनाच्या दरबारात तो पैज हरला, संस्कृत नि प्राकृत सोडून बसला आणि पैशाचीत सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. राजानं ती नाकारली, तेव्हा सहा लाख श्लोक त्यानं आगीत टाकले. उरलेल्या कथेवरून अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं ‘कथासरित्सागर’ रचला. वेताळाच्या गोष्टी त्यात आहेत. कादंबरीत महिष्मतीच्या महाराजांचं नाव काय? सोमदेव. लेखकानं हे जाणून केलं की आपसूक झालं, मला ठाऊक नाही. पण माळ्यावरचा विक्रम आणि ही मुलगी एकाच जळालेल्या ग्रंथाच्या राखेतून आलेली मला दिसली, आणि हे सिनेमानं मला दिलं नव्हतं.

‘चतुरंग’ २०२०मध्ये आला, ‘क्वीन ऑफ महिष्मती’ त्याच्या पुढच्या वर्षी. दोन्ही घेतले, दोन्ही वाचले. तिसरा एकदाच, पहिला आजवर तीनदा. भावानंही शेवटी वाचला. आता आम्ही दोघं सिनेमा पाहायला बसलो की बाळाचा प्रसंग आला की गप्प होतो आणि कट्टप्पा पडद्यावर आला की भांडतो.

शिवगामी मी सिनेमातलीच ठेवली आहे. कट्टप्पा मात्र पुस्तकातला घेतला.