रिकामा वाद्यवृंद

माझ्या लहानपणी शेणव्याच्या रात्री जागायला दोनच निमित्ते असत, भजन आणि हळद. भजन देवळात, पुरुषांचे. हळद मांडवात, सगळ्यांची. गेल्या उन्हाळ्यात भावकीतल्या एका हळदीला गेलो तर मांडवात बँजो पार्टी नव्हती. शहापूरहून आलेली दोन पोरे, दोन मोठे स्पीकर, एक लॅपटॉप, टीव्हीचा रुंद पडदा आणि बिनतारी माईक एवढाच सरंजाम. पत्रिकेत छापले होते, ‘कराओके नाइट’. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा असा २००० सालचा नियम आहे. हळदीने तो अद्याप वाचलेला नाही. दीड वाजेपर्यंत गाणी चालली.

वर्गात परभाषेतून आलेले शब्द शिकवताना फारसी, पोर्तुगीज, कानडी यांच्या याद्या मी वर्षानुवर्षे देत आलो आहे. जपानीचा रकाना बहुधा कोराच. फार तर रिक्षा, त्सुनामी आणि कराटे. या कराटेतला ‘कारा’ आणि कराओकेतला ‘कारा’ एकच आहे. त्याचा अर्थ रिकामा. कराटे म्हणजे रिकामा हात. कराओकेतला ‘ओके’ हा ‘ओकेसुतोरा’चा, म्हणजे ऑर्केस्ट्रा या शब्दाच्या जपानी उच्चाराचा, तोडून घेतलेला तुकडा. रिकामा वाद्यवृंद. वाजते सगळे, वाजवणारा कोणी नाही.

या शब्दामागची गोष्ट मला शब्दाइतकीच आवडते. कोबे शहरातला दाइसुके इनोउए हा वादक बारमध्ये गाणाऱ्या गिऱ्हाइकांना साथ करीत असे. एका कंपनीच्या मालकाने त्याला आपल्याबरोबर सहलीला येण्याची गळ घातली. इनोउएला ते जमण्याजोगे नव्हते, म्हणून त्याने त्या गृहस्थाच्या गळ्याला सोसेल अशी साथ टेपवर भरून दिली. त्यातून यंत्राची कल्पना निघाली. १९७१ साली अशी अकरा यंत्रे करून त्याने ती बारना भाड्याने दिली. नाणे टाकायचे आणि गायचे. पेटंट मात्र घेतले नाही. २००४ साली त्याला मिळाले ते इग नोबेल, आणि तेही शांततेचे, कारण त्याने माणसांना एकमेकांना सहन करण्याची नवी वाट दाखवली! त्याच्याही आधी, १९६७ साली, तोक्योतल्या शिगेइची नेगिशी यांनी असेच एक यंत्र केले होते. त्याला विरोध झाला तो ‘नागाशी’ लोकांचा. नागाशी म्हणजे गिटार घेऊन रात्री या बारमधून त्या बारमध्ये हिंडणारे, गिऱ्हाइकाच्या फर्माइशीवर पोट असलेले वादक. आपल्या वासुदेवाची रात्रपाळी म्हणा. पु. ल. देशपांडे ‘पूर्वरंग’मधल्या जपानात हिंडले तेव्हा यंत्रे नव्हती, नागाशी होते. पेटीवर उत्तम साथ करणाऱ्या त्या माणसाने या यंत्राविषयी काय लिहिले असते, असा प्रश्न मला उगाचच पडतो.

आमचे नागाशी म्हणजे आप्पा. माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. चाळीस वर्षे भजनी मंडळाचा पखवाज त्यांच्या मांडीशी आहे. डाव्या अंगाला लावायची कणीक ते स्वतः भिजवतात; दुसऱ्याने भिजवलेली त्यांना कधीच पसंत पडलेली नाही. मंडळ आता सात-आठ माणसांवर आले आहे. तरुण पोरे पहाटे आसनगावला लोकल गाठतात. त्यांतले काही भजन करतात, पण ते गाडीच्या डब्यात, कल्याण येईपर्यंत.

हळदीच्या रात्री आप्पा प्लास्टिकच्या खुर्चीवर माझ्या शेजारी बसले होते. बराच वेळ पडद्याकडे पाहून त्यांनी विचारले, “मास्तर, गाणारा चुकला तर हे थांबतंय का?”

“नाही थांबत, आप्पा.”

“मग साथ कसली रं?”

त्यांचे म्हणणे मला पटायला हवे होते. भजनात एखादा मात्रा गिळतो, एखादा तान लांबवून समेच्या पलीकडे जाऊन पडतो. आप्पा त्याच्या तोंडाकडे बघून ठेका असा आवळतात किंवा सैल सोडतात की त्याला वाटावे आपण बरोबरच आलो. यंत्राला तोंड दिसत नाही. हे सगळे खरे. पण मी बारा वर्षांचा असताना सप्ताहात पहिल्यांदा अभंग घेतला आणि दुसऱ्याच कडव्याला बेताल झालो, तेव्हा याच आप्पांनी हात थांबवला होता. पखवाज थांबला, मग टाळ थांबले, मग देऊळ. त्यानंतर मी गायलेलो नाही. गाण्याविषयी लिहितो. त्यामुळे कोणाच्याही चुकीला न थांबणारे ते निर्बुद्ध यंत्र मला त्या रात्री काहीसे दयाळूच वाटले, आणि आप्पांना तसे सांगायचे धाडस झाले नाही.

अकराच्या सुमारास पोरींनी माझ्या आईला ओढून माईकपाशी नेले. आईचे वय सत्तरीपार. जात्यावर ती गायली आहे, मांडवात धवळे म्हणायला उभी राहिली आहे, पण देवळातले भजन तिने नेहमी खांबाआडून ऐकले. माईक तिने त्या रात्री प्रथमच हातात धरला. लताबाईंचे एक जुने मराठी गाणे लावले होते. पडद्यावर शब्द रंग बदलत पळत होते. आईला ते तेवढ्या वेगाने वाचता येत नाहीत. तिने पडद्याकडे पाहिलेच नाही. पहिले कडवे नीट गेले. दुसऱ्यात ती ठेक्याच्या पुढे निघाली, आणि वाद्यवृंद मागून आपल्या वाटेने येत राहिला. पोरी टाळ्या पिटत होत्या. मी खाली मान घातली. तेवढ्यात शेजारी टक टक ऐकू आले. आप्पा खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका देत होते. एवढ्या आवाजात तो आईला ऐकू जाणे शक्य नव्हते. तिने पाहिला असावा. तिसऱ्या कडव्याला ती समेवर आली.

त्यावर दोघेही काही बोलले नाहीत. “वहिनी, पाणी प्या,” एवढे आप्पा म्हणाले.

हा प्रसंग मी फोनवर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला सांगितला. तो तोक्योत संगणकाची नोकरी करतो आणि निशी-कसाई भागात राहतो, जिथे पुष्कळ भारतीय कुटुंबे आहेत. तिकडच्या रात्रीविषयी त्याच्याकडून मी बरेच ऐकत असतो. मध्यरात्रीनंतर शेवटची गाडी चुकली की पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत लोक कराओकेच्या खोल्यांत मुक्काम करतात. या खोल्यांची सुरुवात १९८५ च्या सुमारास ओकायामाकडे, मालवाहू कंटेनरमध्ये झाली. एकट्याने जाऊन गाणाऱ्यांसाठी ‘हितोकारा’ असा वेगळा शब्दच आहे. हा गडीही महिन्यातून एकदा एकटा जातो. घराच्या भिंती पातळ, शेजारी सज्जन आणि तक्रार करणारे. यंत्राच्या यादीत हजारो गाणी आहेत, त्यात त्याचे एकही नाही. म्हणून तो यंत्राचा आवाज शून्यावर आणतो, खोलीत ठेवलेली डफली घेतो आणि तुकोबांचे अभंग म्हणतो. तासाचे पैसे मोजून. “सर, तिकडचा नुसता पखवाज पाठवता येईल का?” असे त्याने विचारले.

आप्पांना हे सांगितले तेव्हा त्यांना आधी खोटे वाटले, मग ते कणीक भिजवायला उठले. ओटीवर मी मोबाइल मांडला. पखवाज लागला आणि आप्पा थांबले.

“तो गातो कसा? सावकाश का घाईत?”

मी त्याला गाताना कधीच ऐकले नव्हते.

“मग मी वाजवू कुणाला? तू म्हण.”

घसा बसलाय, असे मी म्हणालो. आप्पांनी माझ्याकडे पाहिले, पण ते काही बोलले नाहीत. आई तांदूळ पाखडत होती. तिने सूप बाजूला ठेवले आणि तिथूनच अभंग सुरू केला. खांबाआडून ऐकून तिला सगळे अभंग पाठ आहेत, हे मला त्या दिवशी कळले. आप्पांनी तिच्या तोंडाकडे बघत पखवाज धरला. काहीतरी हातात असावे म्हणून मी कोनाड्यातले टाळ घेतले.

साडेचार मिनिटांचे ते ध्वनिमुद्रण मी रात्री पाठवून दिले. साथ वेगळी आणि गाणे वेगळे करणे माझ्या विद्येपलीकडचे होते. साडेनऊला, म्हणजे त्याच्याकडे रात्रीच्या एकला, उत्तर आले. पखवाज उत्तम आहे, आजींना नमस्कार सांगा, त्यांच्याबरोबरच म्हणतो आहे, वगैरे. खाली एक ओळ होती: “सर, मागे बेताल टाळ कोण वाजवतंय?”