चिरंजीवांचं कार्ड तापलं!

"आई, पंधरा मिनिटं मिक्सर लावू नकोस हं. मी ओव्हरक्लॉक करतोय!"

रविवारची सकाळ. खोबऱ्याचं वाटण अर्धवट, आणि चिरंजीवांचा हा हुकूम!

करी रोडच्या चाळीतली आमची खोली एकच. त्यात माणसं चार आणि गेल्या दिवाळीपासून देव्हाऱ्याखाली हा कॉम्प्युटर. ह्यांचा सक्त विरोध होता. "बारावीचं वर्ष, आणि गेम कसले खेळता?" शेवटी भिशीचे पैसे मीच गुपचूप काढून दिले. लॅमिंग्टन रोडवरून जुन्या भागांची जुळवाजुळव झाली. ग्राफिक्स कार्डही वापरलेलंच. २०१९ साली बाजारात आलेलं जीटीएक्स १६५०, जेमतेम ४ जीबी मेमरीचं. ते बिघडलं, तर चोरी उघडी पडणार होती माझी!

"अरे, पण करतोस काय नेमकं?"

मग त्याने समजावलं. कार्डाचा वेग कंपनीने ठरवलेला असतो. ह्याचा १६६५ मेगाहर्ट्झच्या आसपास. आफ्टरबर्नर नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरने तो वाढवता येतो. वेग वाढला की पडद्यावर सेकंदाला जास्त चित्रं पडतात, खेळ सफाईदार दिसतो. मात्र कार्ड वीज जास्त खातं आणि तापतं.

पंचवीस-पंचवीसने चढत त्याने शंभर वाढवले. सेकंदाला ४० चित्रं पडत होती, ती ४३ झाली. तीन चित्रांसाठी माझं वाटण अडलं होतं तर! पण चिरंजीवांना हाव सुटली. एकदम दोनशे! पडद्यावर रंगीबेरंगी चौकटी नाचल्या आणि सगळं काळं झालं. माझ्या हातापायांतलं बळच गेलं.

गॅलरीतून आप्पा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "साचा पळवलास होय रे?"

आप्पा १९८२ च्या संपापर्यंत गिरणीत साचेखात्यात होते. म्हणाले, "साचा जास्त पळवला की सूत तुटतं. तुटलं की साचा थांबवून गाठ मारायची. दिवसाअखेर कापड तेवढंच! आधी तो साफ केलास का?"

कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला, तर सुरू झाला! वाढवलेला वेग सॉफ्टवेअरपुरताच होता. कार्ड आपलं मूळ चालीवर आलं. माझ्या जिवात जीव आला.

मग मात्र सूत्रं मी हाती घेतली. साफसफाई हे आपलंच खातं ना! बटण बंद केलं, प्लग काढला, कॅबिनेट उघडलं. आत उदबत्तीची काजळी आणि समोरच्या टॉवरच्या बांधकामाची धूळ, बोटभर थर! मऊ ब्रशने झाडलं. फुंकताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवली, नाहीतर ती गरगर फिरून पंखा बिघडतो. चिपवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून चिरंजीवांनी नवी थोडीशी लावली. पूर्वी खेळताना तापमान ८३ अंशांवर जायचं, ते ७१ वर आलं. तापलेलं कार्ड स्वतःला जपण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतं, हे मला तेव्हा कळलं. थंड झाल्यावर नुसत्या पंचाहत्तरच्या वाढीवर पुन्हा ४३ चित्रं पडू लागली, न अडखळता!

मैत्रिणींनो, तुमच्याकडे हे खूळ आलं, तर मुलांना एवढंच सांगा : आधी धूळ काढा, मग थोडं थोडं वाढवा, आणि चौकटी दिसल्या की मागे या.

संध्याकाळी ह्यांना सगळं सांगून टाकलं, भिशीसकट. हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला आधी सांगितलं असतंस, तर निदान नवीन कार्ड घेतलं असतं!"

रात्री ओटा पुसताना डब्याखालचा कागद हाती लागला. चिरंजीवांचे दोन क्लास चालू असताना तिसऱ्याचा फॉर्म मी आणून ठेवला होता. सोमवारी भरायचा होता. पुन्हा डब्याखाली सरकवला. तो अजून तिथेच आहे.