रंगीत कुरआन आणि अम्मींची तिलावत

मागच्या रमजानआधी आम्ही घरी रंगीत तजवीदचा कुरआन आणला. गुन्ना, मद, कलकला यांना वेगवेगळे रंग. कोणता रंग कशाचा, ते पानाच्या तळाशी दिलेलं. मगरिबनंतर अम्मी, मुलगी आणि आम्ही दोघं मिळून वाचायला बसू लागलो. सूरह इखलासमध्ये 'अहद', 'समद'वर थांबताना शेवटचा दाल किंचित उसळून ऐकू यायला हवा, हे रंगामुळेच लक्षात आलं. इतकी वर्षं आम्ही तो गिळतच होतो.

आम्ही दोघंही शिक्षक. शाळेत मुलांच्या 'पानी'चं 'पाणी' करून घेतो, तीच सवय घरी आली. एका संध्याकाळी अम्मींना एकाच पानावर सात वेळा टोकलं. त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून फज्रनंतरची त्यांची तिलावत ऐकू येईना. ओठ तेवढे हलत.

त्याच आठवड्यात आम्ही मोहल्ल्यातल्या आपांकडे शिकायला गेलो. त्यांनी सूरह फातिहा वाचायला सांगितली आणि 'अल्हम्दु'वरच थांबवलं. तो 'ह' घशाच्या मधल्या भागातून यायला हवा. उर्दूत बडी 'हे' आणि छोटी 'हे' लिहायला वेगळ्या, बोलायला एकच. आमच्या जिभेला तेच वळण. क़ाफचंही तसंच. तो नीट निघाला नाही तर 'क़ल्ब' म्हणजे हृदय, त्याचं 'कल्ब' म्हणजे कुत्रा होतं.

घरी येऊन पान उघडलं. त्या 'ह'ला रंगच नव्हता. कुठे गुन्ना, कुठे किती लांबवायचं, हे रंग दाखवतो. अक्षर कुठून निघतं, ते मात्र उस्तादाच्या तोंडून ऐकूनच येतं.

आपांनी आम्हाला एकदाही 'चूक' म्हटलं नाही. स्वतः तीनदा म्हणून दाखवलं आणि मग आमच्याकडून म्हणून घेतलं. अडखळत, कष्टाने वाचणाऱ्याला दुहेरी सवाब आहे, ही हदीस त्यांनी आठवण करून दिली. आम्हाला अम्मींचा चेहरा आठवला.

त्या रात्री अम्मींची माफी मागितली. आता त्या वाचत असताना मध्ये कोणी बोलत नाही. नंतर सगळे मिळून एकच अक्षर घेतो, दिवसाला एक. आमच्या चुका त्यांच्यासमोरच निघतात, तेव्हा त्या हसतात.

परवा फज्रनंतर त्यांचा आवाज पुन्हा कानावर आला. 'समद'चा दाल स्पष्ट उसळला होता. अल्लाह आपल्या सर्वांची तिलावत कबूल करो. आमीन.