तीस रुपयांचे पोहे

दोनशे चाळीस रुपये. दोन बशा पोहे, दोन चहा, एक पाण्याची बाटली. दीड वर्ष झालं, तरी हा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही.

आम्ही ठाण्यात टेंभी नाक्याला राहतो, आईचं माहेर चिपळूणजवळ. लग्नाला निघालो होतो. पहाटेची एसटी. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, म्हणून तिचं तिकीट शून्याचं आणि माझं अर्धं. मार्च 2023 पासून बायकांना एसटीत निम्मी सवलत आहे. जांभळी नाक्यावरून आदल्या दिवशी आणलेले फुटाणे-शेंगदाणे घाईत ओट्यावरच राहिले. आईला मधुमेह. सकाळची गोळी घेतली की तिच्या पोटात काहीतरी जावंच लागतं.

पेण गेलं, वडखळ गेलं, नागोठणं गेलं. पुढे गाडी थांबली ती स्टँडवर नाही, हायवेच्या कडेच्या एका हॉटेलापाशी.

एसटीच्या अधिकृत थांब्यांवर तीस रुपयांत चहा-नाश्ता द्यायचा, अशी महामंडळाची योजना आहे. चहा आणि सोबत पोहे, शिरा, उपमा, इडली, वडापाव यांतलं काहीतरी एक. मी गल्ल्यावर दोन्ही तिकिटं पुढे केली. गल्ल्यावरचा माणूस न बघताच म्हणाला, "ते इकडे चालत नाही." मग कुठे चालतं? "पुढे." पुढे म्हणजे कुठे? गाडी तर इथेच उभी आहे! तो माझ्या खांद्यावरून मागच्या माणसाचे पैसे घ्यायला लागला. मी जागची हलले नाही. दर विचारले. पोहे ऐंशी, चहा तीस, पाणी वीस. बिल मागितलं, तर मशीन बंद. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, देऊन टाका ना, गाडी सुटेल." हॉटेलवाल्यापेक्षा हे वाक्य मला जास्त लागलं. रांगेतला प्रत्येक जण तेच ऐंशी रुपये मोजणार होता, आणि तरी घाई मात्र मीच करावी, असं सगळ्यांना वाटत होतं.

बाकावर बसलेल्या आईचा हात थरथरताना दिसला. मी पैसे दिले. माणूस भुकेला आहे, आसपास दुसरं दुकान नाही आणि पंधरा मिनिटांत गाडी हलणार, एवढ्या तीन गोष्टींवर तो गल्ला चालतो. पोहे गार होते, त्यांचा लगदा झालेला. कोकणच्या वाटेवर पोह्यांवर ओल्या खोबऱ्याचा कीसही नसावा! तिकिटात सरकारने जे सोडलं, त्यातला मोठा वाटा त्या बशीत गेला.

गाडीत आई म्हणाली, "रुपयाला झुणका-भाकर मिळायची, आठवतं?" ती 1995 ची गोष्ट. नंतर 2020 च्या प्रजासत्ताक दिनी शिवभोजन थाळी आली, दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात. त्यात सरकार पैसे घालत होतं, मान्य आहे. पण पोह्यांना लागतं काय? मूठभर पोहे, अर्धा कांदा, दोन मिरच्या, चमचाभर तेल. तीस रुपयांत चहा देऊनही त्यात दोन पैसे सुटतात.

परतताना मामीने दशम्या आणि लसणाची चटणी बांधून दिली. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, दोन दिवस सहज टिकतात. मी तेव्हाच ठरवून टाकलं की प्रवासात बाहेर खायचंच नाही. गाडीत सगळ्यांना ऐकू जाईल असं आईला सांगतही होते, डबा आणला की झालं, या हॉटेलवाल्यांची दुकानंच बंद होतील.

पलीकडच्या सीटवर एक विशीतला मुलगा होता, ठाण्याला कामावर निघालेला. थांब्यावर तो खाली उतरलाच नाही. पाच रुपयांचा बिस्किटपुडा पाण्याबरोबर संपवला. मी त्याला दशम्या दिल्या. दोन खाल्ल्या, तिसरीला "नको काकू" म्हणाला. खोलीवर सहा जण राहतो, गॅस नाही, असं त्यानेच सांगितलं. त्याला मी डब्याचं कुठल्या तोंडाने सांगणार? डबा ज्याच्या घरी चूल आहे त्याचा. या मुलाला थांब्यावरच ताजं आणि परवडेल असं मिळायला हवं.

म्हणून सांगते, गाडी थांबली की आधी वाहकाला विचारा, हा थांबा अधिकृत आहे का. असेल तर तीस रुपयांचा नाश्ता मागा. नाही म्हणाले तर हॉटेलचं नाव, वेळ आणि गाडीचा नंबर लिहून घ्या, आणि आगारात लेखी तक्रार द्या. रांगेत पुढचा कुणी भांडत असेल तर त्याला घाई करू नका, त्याच्या बाजूला उभे राहा.

मी त्या दिवशी हॉटेलचं नाव लिहून घेतलं नव्हतं.