सांधा आणि पाणी

स्वस्त घडीचा चाकू हातात आला की मी धार बघत नाही. आधी पाते पूर्ण उघडते, मूठ डाव्या हातात घट्ट धरते आणि पात्याचे टोक उजव्या हाताच्या चिमटीत घेऊन आडवे हलवते. खुळखुळले की चाकू खाली ठेवते, मग मुठीवर वाघ असो की मोर. नाही हलले, तर उजेडासमोर धरून पाठीची पट्टी आणि पाते यांच्यामध्ये फट दिसते का ते बघते. मग मिटवते. मिटताना पाते मुठीच्या मधोमध उतरते की एका बाजूला घासते, हे कळते. शेवटी खटका. चांगल्या चाकूचा खटका एकदाच वाजतो, कोरडा आणि ठाम. एवढे होईपर्यंत दुकानदार कंटाळलेला असतो. दीडशे रुपयांच्या वस्तूला इतके काय बघायचे, असे त्याला वाटते. पण बघायचे ते दीडशेच्याच वस्तूत. महाग चाकूत सगळीकडे खर्च केलेला असतो. स्वस्त चाकू करणाऱ्याला कुठेतरी हात आखडता घ्यावाच लागतो, आणि तो त्याने कुठे घेतला यावर पुढचे सगळे ठरते.

आमच्या घरातला पहिला चाकू आजोबांचा. तो मात्र स्वस्त नव्हता. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्सचा, पात्याच्या मुळाशी तारा आणि माल्टाचा क्रूस असा शिक्का असलेला. ब्रिटिश अमदानीत हा माल आपल्याकडे येत असे. आजोबांनी तरुणपणी मोडीत दप्तरे लिहिली होती आणि बोरू छाटायला हा चाकू घेतला होता. बोरूचे टोक तिरके कापायचे आणि त्याला मधोमध बारीक चीर द्यायची. चीर वाकडी गेली की अक्षर फुटते. मी बघितला तेव्हा बोरूचे दिवस संपले होते आणि आजोबा त्याने आम्हा नातवंडांच्या पेन्सिली तासत. अंगठा पात्याच्या पाठीवर, पेन्सिल जवळजवळ स्थिर, आणि लाकडाची पातळ साल न तुटता सुटत जायची. निसण्यावर घासून घासून पाते निम्म्याने अरुंद झाले होते, तरी ते सांध्यात तसूभर हलत नव्हते. शिंगाच्या मुठीच्या आत पितळेचे पत्रे होते. आमच्या देवगडच्या दमट हवेत लोखंडी पत्रा गंजून फुगतो आणि वरचे शिंग तडकवतो. पितळेचे तसे होत नाही. चाकूचे मोठेपण आत दडलेले असते, हे मला त्या चाकूने पहिल्यांदा दाखवले.

खरे शिक्षण झाले ते कलमांच्या दिवसांत. आमच्या आंब्याच्या बागेत पूर्वी भेट कलमे होत. कुंडीतले रोप झाडाच्या फांदीजवळ नेऊन दोघांची साल तासायची आणि एकमेकांना बांधून ठेवायचे. पुढे कोय कलम आले. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने त्याचा प्रसार केला आणि रोपवाटिकांचे रूपच पालटले. पावसाळ्याच्या तोंडाशी कोय रुजते, रोप वर येते आणि त्याची पाने अजून तांबूस, लुसलुशीत असतात, त्याच दिवसांत ते कलमाला घ्यायचे. शेंडा उडवायचा, खुंटाला मधोमध उभी चीर द्यायची, हापूसच्या काडीला खालून दोन्ही बाजूंनी पाचरीसारखे तासायचे, काडी चिरेत बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट गुंडाळायचे. सांगायला हे चार वाक्यांचे काम. पण सालीच्या आत जो हिरवट, ओलसर, बोटाला जेमतेम जाणवणारा थर असतो, तो खुंटाचा आणि काडीचा एकमेकांना चिकटला तरच कलम जगते. त्यासाठी पाचरीच्या दोन्ही बाजू आरशासारख्या सपाट हव्यात. काप एका ओढीत झाला पाहिजे. मध्ये हात थांबला किंवा पाते सांध्यात जरा जरी डुलले, तर लाकडावर लाट उठते. त्या लाटेत हवा राहते, पाणी शिरते आणि आठवड्याभरात काडी काळी पडते.

आमच्याकडे कलमे बांधायला जे काका येत, त्यांचा चाकू बाजारातला अगदी साधा होता. लाकडी मूठ, एकच सरळ पाते, एका बाजूने उतरते घासलेले आणि दुसऱ्या बाजूने सपाट. नवा चाकू आणायचा झाला की ते दुकानात उभे राहून दहा-पंधरा चाकू उघडमीट करत आणि त्यातला एक घेत. मी एकदा विचारले की धार न बघताच कसा काय घेता? ते म्हणाले, "बाय, धार काय, कोण पण लावतलो. सांदो कोण करून देतलो?"

या वाक्याला मी आयुष्यभर बांधली गेले. सांधा म्हणजे काय, तर एक रिव्हेट. ती पात्याच्या भोकातून जाते आणि दोन्ही बाजूंनी ठोकून बसवलेली असते. भोक पाव मिलिमीटरने मोठे असले किंवा रिव्हेट मऊ लोखंडाची असली, की नवा चाकूसुद्धा चार महिन्यांत डुलायला लागतो. ठोकून पुन्हा घट्ट करता येतो, पण मग पाते उघडायला जड जाते आणि थोड्या दिवसांत पुन्हा तीच गत. पाठीची पट्टी ही खरे तर एक स्प्रिंग. तिचे पोलाद चांगले नसले तर खटका हळूहळू मवाळ होतो आणि एक दिवस पाते बोटावर मिटते. ज्याला कुलूप नाही अशा घडीच्या चाकूत तुमच्या बोटांची राखण ती पट्टी करते. म्हणून खटक्याचा आवाज मी कान देऊन ऐकते.

दुसरी गोष्ट पाण्याची. पोलादाला पाणी कसे दिले आहे, हे दुकानात दिसत नाही. आमच्या गावच्या लोहाराच्या भात्यासमोर मी लहानपणी तासन् तास बसले आहे. पाते लाल झाले की तो त्याला एक जुना चुंबक लावून बघे. साधारण 770 अंश सेल्सिअसला पोलाद चुंबकाला ओळख देईनासे होते. त्यानंतर थोडेसेच आणखी तापवायचे आणि तेलात बुडवायचे. पाते काचेसारखे कडक आणि तितकेच ठिसूळ होते. मग ते घासून पांढरे करायचे आणि पुन्हा मंद आचेवर धरायचे. दोनशे अंशांच्या आसपास त्यावर फिकट गवती पिवळा रंग चढतो. तिथे थांबायचे. रंग पुढे सरकून जांभळा, निळा झाला की पाते मऊ पडले. तो रंग त्या पात्यावरून कसा सरकत येई, पाठीकडून धारेकडे, हे बघताना मी श्वास रोखून धरत असे.

म्हणूनच विजेच्या चाकावर चाकू पाजवून देणाऱ्यांची मला धास्ती वाटते. ठिणग्या उडतात, गिऱ्हाईक खूश होते, आणि धारेवर केसाएवढी निळी रेघ उमटते. त्या रेघेपुरते पाणी उतरलेले असते. पुढे कितीही घासा, तो भाग झिजून जाईपर्यंत धार टिकत नाही. पाण्यात भिजवलेला निसणा, सावकाश हात आणि दोन्ही बाजूंना सारखी ओढ, यापलीकडे स्वस्त चाकूला काही लागत नाही.

पाणी ओळखायची एक युक्ती मी वापरते, अर्थात चाकू विकत घेतल्यावर. पितळी पळीचा दांडा आडवा धरायचा, त्यावर धार थोडी तिरकी टेकवायची आणि हलका दाब देऊन उजेडात निरखायचे. धार दांड्यावर किंचित वाकते. दाब काढल्यावर ती सरळ झाली तर पाणी उत्तम. वाकलेलीच राहिली तर पाते मऊ, आणि तिथे बारीक कपची उडाली तर फाजील कडक. पुष्कळ जण चुंबक लावून बघतात आणि चिकटला नाही तर अस्सल स्टेनलेस असे समजतात. चाकूच्या बाबतीत हे चूक आहे. धार धरणारे स्टेनलेससुद्धा चुंबकाला चिकटते. न चिकटणारे स्टेनलेस वाट्या-पातेल्यांचे, त्याचे पाते करून उपयोग नाही.

कुणकेश्वरच्या जत्रेत आजही चाकूंची दुकाने लागतात. निकेलचा मुलामा, रंगीत प्लास्टिकची मूठ, एकाच चाकूत काटा, चमचा, कात्री, बूच काढायचा मळसूत. हे बहुतेक स्वित्झर्लंडच्या लाल चाकूचे धाकटे भाऊ म्हणून विकले जातात. यात हात नेमका नको तिथे आखडलेला असतो. पोलादात कर्ब नावालाच, स्प्रिंगा पातळ पत्र्याच्या, आणि पैसा सगळा चकाकीत. मुलांना ते घेऊन द्यावेसे वाटतात हे मला समजते, पण मुलांच्याच हातात ते सगळ्यात धोक्याचे. बोथट पाते जोर मागते, आणि जोर लावला की सैल सांधा दगा देतो.

चाकूविषयी आपल्याकडे एक भीतीही आहे, ती रामपुरीमुळे आली. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांचे ते कसब खरोखर मोठे होते, पण हिंदी सिनेमाने ते गुंडांच्या मुठीत दिले आणि खिशातला चाकू म्हटला की लोक दचकू लागले. शस्त्रांच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा उल्लेख आहे, आणि तिथेही घरकाम व शेतीसाठीची हत्यारे वेगळी धरली आहेत. कलमाचा चाकू तीन इंचांचा. तो शेतकऱ्याच्या खिशात असणे ही अभिमानाची गोष्ट आहे.

माझा भाचा फ्रान्सला ग्रेनोबलमध्ये शिकत होता. परत येताना त्याने माझ्यासाठी ओपिनेल आणला. "मावशी, तिकडचे शेतकरी हाच वापरतात, आणि हा तिथला स्वस्तातला चाकू आहे. बघ तुझ्या परीक्षेत उतरतो का." ग्रेनोबलच्या शेजारच्या सावोआ प्रांतात जोसेफ ओपिनेलने 1890 मध्ये हा चाकू केला. बीचच्या लाकडाची गोल मूठ, तिला एक खाच, एक पाते, एक रिव्हेट. पाठीला स्प्रिंगच नाही. 1955 पासून मानेवर एक पोलादी कडे बसवतात. ते फिरवले की पाते उघडे ते उघडेच राहते. मी सगळ्या परीक्षा घेतल्या. सांधा पक्का, पळीच्या दांड्यावर धार वाकून सरळ झाली. पात्याच्या पोलादात कर्ब सुमारे 0.9 टक्के, त्यामुळे कैरी चिरली की पाते निळे-काळे पडते. लोणच्याच्या फोडींना मी तो लावत नाही.

जुलैत मात्र त्याने मला अडवले. मूठ आमच्या पावसाने फुगली आणि पाते आतच आवळून बसले. भाच्याला फोन केला तर म्हणाला, मुठीचे बूड टेबलावर आपट. सावोआतले लोक असेच करतात. आपटले आणि पाते नखभर बाहेर आले. मग लाकूड चांगले वाळू दिले, सांध्यात आणि खाचेत वितळलेले मेण मुरवले, आणि आता तो भर पावसाळ्यातही उघडतो. जपानच्या मिकी गावात होणारा हिगोनोकामी याच जातीचा. वाकवलेल्या पत्र्याची मूठ, एक पाते आणि मागे अंगठ्याने दाबून धरायची शेपटी. कुलूप नाही, स्प्रिंग नाही, म्हणजे बिघडायलाही काही नाही. या दोन्ही चाकूंच्या कर्त्यांनी पैसे वाचवले ते गोष्टी कमी करून. पोलादात आणि सांध्यात त्यांनी हात आखडला नाही.

तेव्हा कोणी मला विचारले तर मी सांगते, एकाच पात्याचा चाकू घ्या. बटन, टॉर्च, बूच काढायचा मळसूत असे काही असलेला नको. त्या प्रत्येक गोष्टीची किंमत पात्यातून कापलेली असते. दुकानात दहा उघडून बघा, त्यातला न हलणारा उचला, मग त्याला धार नसली तरी चालेल. घरी आणून ओल्या निसण्यावर पाजवा, सांध्यात खोबरेल तेलाचा एक थेंब सोडा, आणि विजेच्या चाकावर तो कधीही देऊ नका.